खांडीच्या तोंडावर

भादव्याच्या पुनवेचं उधाण उतरलं तेव्हा नांदखारच्या बांधाला खांड पडलेली दिसली. त्या जागी चिंबोऱ्यांनी बांध आतून पोखरला होता. पाणी आधी एखाद्या बिळातून झिरपलं असणार, मग बिळाची घळ झाली, आणि सकाळी माणसं पोचली तोवर तिथून बैलगाडी आडवी निघेल एवढं भगदाड पडलं होतं. खाडी सरळ भातात शिरत होती. भात नुकतंच निसवत होतं. लोंब्यांवर पांढरा फुलोरा, आणि खाली ताटांच्या निम्म्यापर्यंत गढूळ खारं पाणी.

रेवदंड्याहून खाडीने आत आलं की हे गाव लागतं. गाव उंचावर, भाताची खार खाली, आणि खार नि खाडी यांच्यामध्ये हा मातीचा बांध. बांध आहे तोवर भात आहे. आता दर भरतीला पाणी आत येत होतं, दर ओहोटीला बाहेर जात होतं, आणि येता-जाता खांडीच्या दोन्ही कडा खात होतं. पुनवेनंतर अष्टमीला भांग लागते. त्या दिवशी भरती फारशी चढत नाही, ओहोटी फारशी ओढत नाही. खांड बुजवायची ती तेव्हाच. ती वेळ चुकली की पुढे अवसेचं उधाण. अवसेनंतर ही खांड हातांनी बुजण्यातली राहिली नसती, आणि मीठ मुरलेल्या जमिनीला पुन्हा भात धरायला दोन-तीन पावसाळे लागतात.

पोकलेनचा विषय निघाला आणि लगेच मिटला. बांधाची वाट भिजून लोण्यासारखी झाली होती. मागे एकदा एक यंत्र तिथे रुतलं, तेव्हा ते ओढायला दुसरं आणावं लागलं होतं.

देवळापुढे गावकी बसली. माणसं कोण, बांबू कोणाचे, पेंढा कोण देणार, हे ठरलं. मग कारभार बघणाऱ्या दयारामने विचारलं, "तोंडावर कोन?"

खांड दोन्ही कडांकडून बुजवत आणतात आणि मध्ये दाराएवढी वाट ठेवतात. ते तोंड. सगळी खाडी त्या दारातून जाते-येते. ते दार केव्हा बंद करायचं हे एकच माणूस सांगतो. तो तोंडात, पाण्यात उभा राहतो. चिखल वाहत नाही, खुंट ठोकत नाही. पायांनी पाणी बघतो आणि "लावा" म्हणतो. त्याच्या शब्दावर कुणी वाद घालायचा नाही, असा रिवाज. लवकर लावलं तर आतलं पाणी बांध फोडतं, उशिरा लावलं तर बाहेरचं. नांदखारला हा माणूस चांगदेव होता. वैशाखात अलिबागच्या दवाखान्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. साखरेने सडला होता.

"कोन म्हंजे?" बायकांतून नीराबाई म्हणाली. "ठमी हाय ना."

"हा, ठमी," चार जण एकदम म्हणाले.

ठमी चांगदेवची सून. ती बायकांत मागे बसली होती. कुणी तिचं नाव काढलंच तर पुरुष हरकत घेतील, असा तिचा अंदाज होता. कुणी घेतली नाही.

"मी नुसती ओरडायची," ती म्हणाली. "सांगायचे बाबा."

"मंग आता बी ओरड," दयाराम म्हणाला. "आमाना ऐकायची सवय हाय."

माणसं हसली. सून मोठेपणा नको म्हणतेय, असं सगळ्यांनी धरलं. पण ती खरं तेच सांगत होती. चांगदेवचा गळा तरुणपणीच बसला होता. त्याचा आवाज हातभर लांब जात नसे. ठमी लग्न होऊन आली ती खाडीपलीकडच्या बापाच्या होडीला हाका मारून कमावलेला गळा घेऊन. पहिल्याच वर्षी खांड पडली तेव्हा सासऱ्याची भाकरी घेऊन ती बांधावर गेली. त्याचं "थांबवा" कुणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून ती ओरडली. तेव्हापासून तो म्हणे आणि ती ओरडे. गावाने इतकी वर्षं तिचाच आवाज ऐकला. त्या आवाजामागे कोण होतं हे लोक विसरले होते. तिला विसरता येत नव्हतं.

*

चांगदेव ओटीवर खाटेवर बसून पाग विणत होता. फाटलेल्या जाळ्याची एकेक गाठ नखाने चाचपत होता.

"बाबा, मना उभी करतात तोंडावर."

"मंग उभी रा."

"मना काय कलतंय त्यातला?"

त्याने गाठ मारली, धागा दाताने तोडला. "तू पान्यात माज्या मागं असायचीस का पुढं?"

"पुढं."

"पयल्या साली मागं व्हतीस. पुढं कोनी घेतली तुना?"

"तुमी."

"माजे पाय मेले व्हते." तो पुढची गाठ शोधू लागला. "तुजी पोर रांगत व्हती तवापासून. चुलीतला निखारा पायाखाली गेला. मांस जळल्याचा वास आला, तवा कलला माजाच पाय हाय. पानी काय कलनार त्या पायाना?"

ठमी उभी होती ती जोत्यावर बसली. तिची पोर आता पनवेलला नर्सिंग शिकत होती.

पाण्यात तो तिला दर थोड्या वेळाने विचारायचा, "कसं?" ती सांगायची. ओढतंय. खाली भुसभुशीत हाय. गार हाय. मग तो "थांब" म्हणायचा नाहीतर "लाव". सासरा परीक्षा घेतो असं तिला वाटे. उत्तर चुकू नये म्हणून ती घाबरून पायांकडे सगळं ध्यान लावायची, आणि सांगून झालं की त्याच्या तोंडाकडे बघायची. बरोबर आलं का, हे त्याच्या तोंडावर कधी दिसलं नाही.

ती मागीलदारी गेली. सासू, रंगू, सुकट निवडत बसली होती.

"आय, बाबा माजा मन राखाया कायबी बोलतात."

"मन राखाया?" रंगूने मान वर केली नाही. "यो मानूस? माज्या हातचा कालवन जलमभर खाल्लान. एक दिस बरा झालाय असा बोल्ला नाय. तो तुजा मन राखंल?"

"निखाऱ्याचा खरा हाय?"

"चिंधी मीच बांदली. कोनाला सांगू नको बोल्ला. तोंडावरच्या मानसाचे पाय गेले, असा गावात कलला तर कोन ऐकंल?"

ठमीने सुपातली सुकट उगाच चाळली. रात्रीच्या जेवणापर्यंत ती या गोष्टीला सगळीकडून हात लावून बघत राहिली. पाय तिचे होते, हे खरं असेल. पण "कसं"चं उत्तर तिचं असलं तरी "लाव" त्याचं होतं. कुणीही सांगेल पाणी गार आहे. त्यावरून दार बंद करायचं, हे ज्याला कळतं तो तोंडावरचा माणूस. ते तिने कधी केलं नव्हतं.

जेवताना तिने ते बोलून दाखवलं.

"लाव बोलाया काय लागतंय?" चांगदेव म्हणाला. "धाकट्या खारीची खांड माज्या बोलन्यानं गेली. तू तवा आली नवतीस. एवऱ्या मानसांची मेहनत, एका भरतीत सगला खाडीत. गावातला मानूस माज्याशी बोलत नवता."

"मंग पुढच्या टायमाला तुमानाच कसा बोलावला?"

"दुसरा कोन व्हता?"

तिचा नवरा दिपेश सुट्टी टाकून आला होता. तो बंदरावर ट्रेलर चालवायचा. तो म्हणाला, "बघ, जमत नसंल तर आताच सांग. मी दयारामकाकाला बोलतू. तिकरं जाऊन गरबर नको."

त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. ठमीने पुढ्यातला भात संपवला आणि ताट उचललं.

*

दुसऱ्या दिवशी ओहोटीला काम सुरू झालं. पितृपंधरवड्यात नवं काम नको, असं एक म्हातारा म्हणाला. पितरांनीच बांधलेला बांध आहे, असं नीराबाईने त्याला सांगितलं. मग तोही खुंट तासायला बसला.

खांडीच्या दोन्ही कडांपासून सुरूचे खुंट दोन रांगांत ठोकायचे, त्यांना बांबूचे तट्टे बांधायचे, आणि दोन तट्ट्यांमध्ये पेंढा नि चिखल भरत मध्याकडे यायचं. चिखल खाडीच्या काठचा, निळा, चिकट. पुरुष फावड्याने त्याच्या लाद्या कापत. रांगेतल्या बायका त्या हातोहात पुढे देत. लादी लहान मुलाएवढी जड, आणि तशीच पोटाशी धरून द्यावी लागे, नाहीतर निसटे. थोड्याच वेळात सगळ्यांची पोटं, छात्या, गळे निळे झाले. कोण कुठलं ते आवाजावरून ओळखायचं.

पहिली रांग कुठून धरायची ते ठमीने सांगितलं. ती कडेच्या जवळ उभी राहिली, चार जागी पाय दाबला, "हितून" म्हणाली. दयारामने एकदा तिच्याकडे आणि एकदा कडेकडे बघितलं. मग खुंट ठोकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुंट कलले होते. कड खालून पोकळ होती. भरतीने ती ढासळली आणि खुंटांची रांग दारुड्यासारखी खाडीकडे झुकली. तट्टे फाटले. भरलेला चिखल गेला.

पुरुष खुंट उपटू लागले. उपटताना दिपेशची बोटं तट्ट्यात चेमटली, तो शिवी देऊन हात झटकत बसला. एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "चांगदेवकाकांना फोन तरी लावा." दयारामने फोन लावला. ठमी तिथेच, कमरेपर्यंत चिखलात उभी होती. फोन मोठ्या आवाजावर होता, तरी चांगदेवचं बोलणं कळेना. दयारामने फोन कानाशी दाबला, ऐकलं, आणि खिशात टाकला.

"काय बोलले?" कुणीतरी विचारलं.

"तिला इचारा, बोलले."

ठमीला ढासळलेल्या कडेत गडप व्हावंसं वाटलं. पण रांग उभी होती, ओहोटी चालू होती, आणि खुंट कुठे ठोकायचे हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ती पुन्हा कडेला गेली. आदल्या दिवशी तिने पाय वरून दाबला होता. घाई झाली होती तिला, सगळे बघत होते म्हणून. आता ती खाली पाण्यात उतरली. कडेला पाठ टेकून टाच मागे, आत सरकवली. टाच सहज आत गेली. थोडं सरकून पुन्हा. पुन्हा गेली. तिसऱ्या-चौथ्या जागी टाचेला घट्ट लागलं, ओल्या दगडासारखं.

"हितून," ती म्हणाली.

"कालबी हितूनच बोल्लीस," मागून एक जण म्हणाला.

"काल चुकलं," ठमी म्हणाली.

दयारामने खुंट उचलला आणि तिच्या टाचेच्या जागी धरला.

पुढचे दिवस एकसारखे गेले. ओहोटी लागली की उतरायचं, भरती चढली की निघायचं. खारं पाणी आणि चिखल यांनी बायकांच्या बोटांच्या बेचक्या चिरल्या. घरी त्या खोबरेल चोळत आणि भाकरी दोन बोटांनी मोडत. खुंट आता कलत नव्हते. दोन्ही बाजूंनी भिंत मध्याकडे सरकत होती, आणि जसजशी वाट अरुंद झाली तसतसं पाणी माजत गेलं. रुंद खांडीतून जे आरामात जात होतं ते आता दाराएवढ्या जागेतून जाताना गुरगुरत होतं. अष्टमीच्या आदल्या दिवशी ठमी तोंडात उतरली तेव्हा तिला दोन्ही हातांनी खुंट धरून उभं राहावं लागलं. पायांखालची वाळू पाणी ओढून नेत होतं. तिने कळून घ्यायचा प्रयत्न केला. ओढतंय. गार आहे. पण जे लागलं ते खरंच लागलं, की लागायला हवं म्हणून वाटलं, हे तिला सांगता येईना. पूर्वी विचारणारा शेजारी असायचा, तेव्हा उत्तर आपोआप यायचं.

*

अष्टमीला सगळं गाव बांधावर आलं. चांगदेवला आणायचं कुणीतरी सुचवलं होतं. त्याने नको म्हटलं.

तोंडाच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याचे भारे रचले होते. बांबूचा मोठा तट्टा, दुहेरी विणलेला, दोरांनी बांधून वर उभा धरला होता. त्याच्या मागे चिखलाची रांग पार काठापर्यंत गेली होती. म्हातारे, शाळेतली मास्तरीण, अलिबागला नोकरी करणारी पोरं, सगळे त्या रांगेत.

दिपेशने फोन बघून सांगितलं, "ओहोटी दुपारी बारा."

"ती रेवदंड्याची," दयाराम म्हणाला. "हितं मंग येतंय. फेस बगा."

फेसाची खूण सगळ्यांना ठाऊक होती. ओहोटी असेतो तोंडातून फेसाचे पुंजके बाहेर जात राहतात. पाणी फिरण्याआधी ते थांबतात, जागच्या जागी घुटमळतात. फेस थांबला की चांगदेव "लाव" म्हणायचा. दर वेळी असंच झालं होतं.

ठमी तोंडात उतरली. पाणी मांड्यांपर्यंत होतं. नीराबाई तिच्या मागे, रांगेच्या टोकाला, लादी घेऊन तयार. ऊन डोक्यावर आलं. वारा पडला. कांदळांतून एक बगळा उठला आणि पलीकडे जाऊन बसला. फेस चालला होता, पुंजका पुंजका, खाडीकडे.

आदल्या दोन दिवसांत वर पालीकडे डोंगरात पाऊस झाला होता. ते पाणी ओहोळांतून खारीत उतरलं होतं आणि आता भातातून वाट काढत तोंडाकडे येत होतं. थंड, गोडं, पानं-काड्या घेऊन येणारं. बारा वाजून गेले. दोन्ही हातांत लादी धरून उभी असलेली माणसं ती खाली ठेवत, पुन्हा उचलत. फेस चालूच.

"आज लवकर थांबनार नाय," दयाराम वरून म्हणाला. "डोंगराचं पानी हाय."

तेव्हा ठमीच्या घोट्यांना ऊब लागली.

मांड्यांना गार आणि घोट्यांना ऊब. तिने पाय उचलला, पुन्हा ठेवला. बोटांमधून काहीतरी सरकत होतं, बाहेरून आत. खालची वाळू, जी आठ दिवस खाडीकडे पळत होती, ती तिच्या टाचांवर येऊन साठत होती. वर डोंगराचं पाणी खाडीकडे चाललं होतं, आणि त्याच्याच खालून समुद्र आत यायला निघाला होता. एका दारातून दोघे, एकमेकांना न अडवता.

असं तिला पूर्वी कधी लागलं नव्हतं. चांगदेवने कधी सांगितलं नव्हतं. त्याला हे ठाऊक नसेलही. मांडीइतक्या पाण्यात खाडीने तिला एकटीला धरून काहीतरी दाखवलं होतं, आणि वर उभ्या असलेल्या एवढ्या माणसांना ते दिसत नव्हतं. त्यांना फेस दिसत होता.

फेस थांबेपर्यंत थांबलं तर खालची भरती जोर धरेल. मग तट्टा टिकणार नाही. आत्ता लावलं तर आतलं पाणी कोंडेल. ते उघाडीतून, बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीतून, जाऊ शकेल, फळ्या उचलल्या तर. जाईल का? ती कुणाला विचारणार होती?

"लावा," ती म्हणाली.

आवाज घशातच राहिला. वर्षानुवर्षं दुसऱ्याचा शब्द घेऊन पार कांदळांपर्यंत गेलेला आवाज, स्वतःचा शब्द उचलताना फुटला नाही.

"काय बोल्लीस?" नीराबाईने विचारलं.

"लावा. आता. आनि उघारीच्या फल्या काढा, सगल्या."

नीराबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग फेसाकडे. मग ती वळून ओरडली, "लावा! उघारी खोला, लावा!"

तट्ट्याचे दोर धरलेली माणसं हलली नाहीत. दयाराम काठावर आला. "फेस चाललाय अजून भायेर. आतलं पानी भरून हाय. कोंडला तर आतून फुटंल. कोन बोल्ला लावा?"

"मी," ठमी म्हणाली.

"चांगदेव फेस थांबल्याबिगर—"

"खालून भरती आली, दयाकाका. पायाला लागतंय. फेस वरचा हाय." आता तिचा आवाज पोचत होता. "थांबलू तर जाईल. लावा."

दयाराम तिच्याकडे बघत राहिला. त्याची स्वतःची शेतं तोंडाच्या थेट समोर होती. त्याने एकदा खाली फेसाकडे बघितलं, जो अजून बाहेरच चालला होता. मग वळून दोर धरलेल्यांना म्हणाला, "लावा."

तट्टा आला तो घर कोसळावं तसा. पाण्याने त्याला छाती दिली, दोर ताणले, दोन खुंट करकरले. पाच-सहा माणसं तोंडात उतरली आणि तट्ट्याला पाठी लावून, हातांत हात अडकवून उभी राहिली. दिपेश त्यांत होता. आतलं गोडं पाणी त्यांच्या छातीवर चढू लागलं. पेंढ्याचे भारे आले, त्यांच्या पायांशी दाबले गेले, त्यावर लादी. रांग धावत नव्हती, धावता येत नाही त्या चिखलात, पण हातांमधलं अंतर नाहीसं झालं होतं. लादी एका पोटावरून दुसऱ्या पोटावर अशी जात होती की जणू एकच लांब अंग ती गिळतंय. नुसता चिखलाचा चपचप आवाज आणि श्वास. मास्तरणीची चप्पल, कुणाची तरी टोपी, एक मोबाईल, सगळं त्या भिंतीत गेलं. दिपेश हनुवटीपर्यंत पाण्यात होता आणि डोळे मिटून बायकोचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटत होता, ते शिवी होती की नवस हे कुणी विचारलं नाही.

"उघारीतनं चाललं," लांबून हाक आली. "जोरात चाललं."

दिपेशच्या हनुवटीवरून पाणी गळ्यावर उतरलं. मग खांद्यांवर. माणसं एकेक करून तट्ट्यापासून सुटी झाली आणि त्यांच्या जागी चिखल भरला गेला. शेवटचा दिपेश निघाला. त्याला दोघांनी काखेत धरून ओढला, तेव्हा चिखलाने त्याची चड्डी ठेवून घेतली. बायकांनी तोंडं फिरवली आणि तेवढ्यात थोड्या हसल्या.

मग वर काढलेल्या भिंतीवरून सगळ्यांनी खाडीकडे बघितलं. बाहेर गेलेला फेस परत येत होता. पुंजका पुंजका, बांधाकडे. तो थांबायची वाट बघत ते उभे राहिले असते, तर आत्ता तोंड उघडं असतं. हे एकेकाला कळत गेलं. दयारामने डोक्यावरचा पंचा काढला आणि हातात धरला.

उघाडीच्या फळ्या पुन्हा बसवल्या. भरती चढू लागली.

भांगेची भरती, तरी भरतीच. पाणी तट्ट्याच्या पहिल्या दोराला लागलं, मग दुसऱ्या. ओला, कच्चा बांध पायांखाली बारीक थरथरत होता, गाभण म्हशीच्या अंगासारखा. माणसं जागच्या जागी बसली होती, निळी, वाळत चाललेली. ऊन उतरलं. खाडी खुंटांच्या डोक्याजवळ आली, आणि तेव्हा बसलेल्यांना एका नजरेत दोन्ही दिसलं. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला भात, आणि पाणी भातापेक्षा उंच. अख्खी खाडी, क्षितिजापर्यंतची, लोंब्यांच्या वर उभी होती. मध्ये माणसांनी हातांनी घातलेला चिखल. रोज बघितलेला बांध, पण तो काय अडवून धरतो हे आज दिसलं. एका म्हाताऱ्याने खाडीला हात जोडले, मग वळून भाताला जोडले.

ठमी बांधाच्या आतल्या अंगाला, खाली, तळवा चिखलावर ठेवून बसली होती. भिंतीतून पाणी झिरपत होतं.

दयाराम उतरून तिच्याशेजारी आला. "राहील?"

"ठाऊक नाय," ठमी म्हणाली.

तिला स्वतःचंच नवल वाटलं. हेच दोन शब्द लपवायला ती आठ दिवस धडपडली होती. आता ते बाहेर आले आणि काही झालं नाही. दयाराम उभाच होता, ऐकत.

"झिरपतंय ते नितल हाय," ती म्हणाली. "गढूल याया लागला की माती जातंय. तवा बोलते."

"बरा." तो चिखलात तिच्याजवळ बसला. मग बांधावर बघून म्हणाला, "कोनी हलू नका. ती बोलंल तवा उठायचा."

नीराबाईने पिशवीतून पाव आणि बटाट्याची भाजी काढली आणि रांगेने पुढे दिली. लादी जशी गेली तशीच. सगळ्यांनी चिखलाच्या हातांनी खाल्लं. ठमीने डाव्या हाताने खाल्लं. उजवा तळवा तिने भिंतीवरून उचलला नाही. तळव्याखालून नितळ पाणी येत राहिलं, तिच्या मनगटावरून भातात उतरत राहिलं. एकदा जरा गढूळल्यासारखं वाटलं. तिने डाव्या तळव्यावर घेऊन उजेडाकडे धरलं. मातीचा नाही, पेंढ्याचा रंग होता. तिने ते सांडून टाकलं, आणि शेजारी दयाराम पुन्हा सैल बसला.

वर खुंटांवर पाणी जिथे पोचलं होतं तिथेच बराच वेळ राहिलं. मग एका खुंटाच्या डोक्याखाली बोटभर ओली पट्टी, पाणी उतरल्याची, दिसू लागली. ती पहिल्यांदा कुणाला दिसली कुणास ठाऊक, पण बांधावरची कुजबुज थांबली आणि सगळ्यांच्या माना खाली ठमीकडे वळल्या. तिने पट्टीकडे बघितलं नाही. तिची बोटं चिखलावर पसरलेली होती. थरथर कमी होत गेली, मग लागेनाशी झाली. तरी ती आणखी थोडी बसली.

मग तिने हात काढून घेतला.

"उठा," ती म्हणाली. बांधावरची सगळी माणसं उठली.